नेतृत्वाची उमेदवारी

महसूल खात्याच्या नोकरीत माणूस पदाने वर चढतो तो परीक्षा, ज्येष्ठता आणि गोपनीय अहवाल या तीन पायऱ्यांनी. परंतु ज्या दिवशी शेकडो माणसांचा जमाव समोर उभा असतो, वरिष्ठांचा हुकूम हाती आलेला नसतो आणि तो येईपर्यंत थांबणे हाच अन्याय ठरणार असतो, त्या दिवशी निर्णय घेऊन त्याच्या पाठीशी उभे राहण्यास जे सामर्थ्य लागते, ते या तिन्हींपैकी एकीनेही येत नाही. ते कोठून येते, हा प्रश्न नोकरीच्या पहिल्या वर्षापासून सेवानिवृत्तीपर्यंत माझ्या मनात सतत राहिला. माझ्यापुरते त्याचे उत्तर असे ठरले आहे की, अनुभवी माणसाने उमेदवार माणसाजवळ बसून, त्याला आयती उत्तरे न देता प्रश्न विचारून, आणि त्याच्या निर्णयाची जोखीम काही काळ आपल्या शिरावर घेऊन ते सामर्थ्य हळूहळू घडवावे लागते. आज मोठमोठ्या उद्योगांत या कामासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमतात आणि त्याला ‘कोचिंग’ म्हणतात. मला ते लाभले मुंबई इलाख्याच्या काळात कारकून म्हणून नोकरीस लागलेल्या आणि पायरीपायरीने वर आलेल्या एका मामलेदारांच्या हाताखाली. त्यांना सारा तालुका ‘रावसाहेब’ म्हणत असे. मीही येथे तेच म्हणतो.

१९७२ साली परीक्षा उत्तीर्ण होऊन परिविक्षाधीन नायब तहसीलदार म्हणून मी भीमेच्या खोऱ्यातील एका अवर्षणग्रस्त तालुक्यात रुजू झालो. पाऊस लागोपाठ दगा देऊन गेला होता; विहिरींनी तळ गाठला होता; जनावरे चाऱ्याअभावी बाजारात मातीमोलाने जात होती. रोजगार हमीचा कायदा व्हायला अद्याप काही वर्षे होती, परंतु गावोगाव दुष्काळी कामे निघाली होती, आणि पाझर तलाव, नाला बांध, रस्त्यांची खडी अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर मिळून जवळजवळ पन्नास लक्ष माणसे राबत होती. परदेशांतून आलेली तांबडी मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी त्या पिढीतील प्रत्येकाजवळ असतील. अशा वेळी तालुक्याच्या कचेरीत रुजू होणारा पदवीधर तरुण कायद्याची कलमे पाठ करून येतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळून चुकते की, समोरचा माणूस कोणत्याही कलमात बसत नाही.

रावसाहेबांची कामाची रीत अशी होती की, मी सादर केलेली टिपणी ते सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचीत. तीवर शेरा मारण्यापूर्वी कागदाचा एक कपटा घेऊन त्यावर शिसपेन्सिलीने एकच प्रश्न लिहीत. तो कपटा टिपणीला टाचणीने टोचून सारे प्रकरण माझ्याकडे परत पाठवीत. ‘या जमिनीवर आज प्रत्यक्ष नांगर कोणाचा चालतो?’ ‘मयताला मुली किती, आणि त्यांना विचारले कोणी?’ ‘हे आपण पाहिले, की तलाठ्याकडून ऐकले?’ ‘या हुकुमाने ज्याचे नुकसान व्हावयाचे त्याची आपली भेट झाली आहे काय?’ प्रश्न असे साधे असत. परंतु त्यांचे उत्तर कचेरीत बसून देता येत नसे. वारसाच्या फेरफाराला पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि हरकत आली तर तकरारी नोंदवहीत नोंद करावी लागते, हे मला तोंडपाठ होते. परंतु बाप मेल्यावर भाऊ अर्ज करतात, बहिणी सासरी असतात, आणि नोटीस गावच्या चावडीवर डकवली तर ती दहा कोसांवरच्या बहिणीला दिसणार कशी, हे मला त्या कपट्याने शिकवले. १९५६ चा वारसा कायदा मुलीला वाटा देऊन मोकळा झाला होता. तो वाटा सातबाऱ्यापर्यंत पोहोचवणे ज्याच्या हाती होते, त्याला तो प्रश्न स्वतः पडावा, अशी रावसाहेबांची तजवीज होती.

प्रश्न प्रकरणावरच का लिहीत नाहीत, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, “टिपणीवर लिहिले की ते दप्तरात राहते. उद्या कोणीही उघडून पाहील आणि म्हणेल, नव्या साहेबाला एवढेही कळत नव्हते. कपटा तुम्ही फाडून टाकायचा.” या उत्तराचे मोल मला पुढे स्वतः वरिष्ठ झाल्यावर खऱ्या अर्थाने उमगले. माणूस शिकतो तेव्हा तो काही काळ उघडा पडलेला असतो, आणि त्या अवस्थेत त्याची लाज राखणे हे शिकवणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. चारचौघांत, अव्वल कारकुनांसमोर, पट्टेवाल्याच्या देखत ज्याला त्याचे अज्ञान दाखवले जाते, तो अज्ञान टाकीत नाही. ते झाकण्याची कला तेवढी शिकतो.

त्या उन्हाळ्यातील एक प्रसंग मी पुढे अनेक तरुण अधिकाऱ्यांना सांगितला आहे. तो येथेही विस्ताराने सांगावासा वाटतो. एका गावच्या माळावर पाझर तलावाचे काम चालू होते. मजुरी मोजमापावर असे. मऊ मातीचा दर निराळा, कठीण मुरुमाचा निराळा. एका टोळीला कठीण मुरूम लागला होता, पण मापाच्या पुस्तकात माती लिहिली गेली, आणि आठवड्याचा पगार निघाला तो पोटाला पुरेना इतका. टोळीत बहुतेक बाया होत्या. त्यांनी घमेली पालथी घातली, आणि तिचे पाहून इतर टोळ्यांनीही काम थांबवले. बाजार तोंडावर आला होता; पगाराशिवाय बाजार म्हणजे आठवडाभर उपास. गावच्या पोलीस पाटलाचा सांगावा सायंकाळी कचेरीत आला.

रावसाहेबांनी मला सांगितले, “उद्या तुम्ही जा. मी बरोबर येईन, पण बोलायचे तुम्ही.” मग कंदिलाच्या उजेडात, कचेरीच्या ओट्यावर बसून, त्यांनी मला रात्री उशिरापर्यंत प्रश्न विचारले. त्या टोळीत बोलणारी कोण आहे, हे मला ठाऊक आहे काय? तिचा शब्द इतर टोळ्या मानतात काय? मुकादम कोणत्या भावकीचा, आणि ज्या टोळीचे माप चोख लागले ती कोणाची? ओव्हरसियर माझ्या हाताखालचा नाही. त्याचे खाते निराळे. मग त्याला मी काय सांगू शकतो आणि काय विनवू शकतो? दर बदलणे माझ्या अखत्यारीत आहे काय? नसेल, तर माझ्या अखत्यारीत नेमके काय आहे? या शेवटच्या प्रश्नावर आम्ही फार वेळ थांबलो. मी प्रथम ‘काही नाही’ असेच म्हटले. ते गप्प राहिले. आणि त्या दीर्घ स्तब्धतेत माझ्याच ध्यानात एकेक गोष्ट येत गेली: दर मला बदलता येत नसला तरी माप पुन्हा घ्यावयास सांगता येते. ते टोळीच्या देखत घेता येते. खालचा थर कोणता, याचा पंचनामा गावच्या पंचांसमक्ष करता येतो. आणि फरकाचा पैसा मंजूर होईपर्यंत पूर्वीच्या मापाचा पगार बाजारापूर्वी हाती पडेल अशी व्यवस्था करता येते. उत्तरे माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत रावसाहेबांनी एकही आपले सुचवले नाही. ती सारी त्यांना आधीपासून ठाऊक होती, याविषयी मला आज तिळमात्र शंका नाही. दहा मिनिटांत सांगून ते मला झोपावयास पाठवू शकले असते.

सकाळी आम्ही माळावर गेलो. रावसाहेब जीपमधून उतरून दूर एका बाभळीखाली म्हाताऱ्या मंडळींत जाऊन बसले. माझ्यापुढे पाचसहाशे माणसे होती. टोळीतील एक उंच, उन्हाने रापलेली बाई पुढे आली आणि म्हणाली, “सायेब, माती हाय का मुरूम हाय ते तुमी सोता हात लावून बगा. कुदळ मारली तर माघारी उडती, आन् ह्यांनी लिवलंय माती!” मी खड्ड्यात उतरलो, कुदळ मारून पाहिली, आणि जे रात्री ठरले होते ते सांगू लागलो. मध्येच कोणी ओरडले, “तुमी पोरगं हाय, मोठ्या सायबास्नी बोलवा!” तेव्हा ती बाई तडक बाभळीकडे गेली. रावसाहेब उठून उभे राहिले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बाई, या कामाचा निर्णय हे साहेब देणार आहेत. ते देतील तो मला मान्य आहे.” आणि पुन्हा खाली बसले.

माझा निर्णय काय असणार हे त्यांना पूर्णतः ठाऊक नव्हते, कारण जमावासमोर उभ्या असलेल्या तरुणाच्या तोंडून आदल्या रात्रीचे ठरलेले तसेच बाहेर पडेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. आणि तरीही त्यांनी तो आधीच मान्य केला, तोही जाहीरपणे. दुपारपर्यंत माप झाले, पंचनामा झाला, संध्याकाळी पगार वाटला गेला. फरकाचा पैसा यथावकाश मंजूर होऊन आला. त्या पुनर्मोजणीबद्दल वर एक तक्रार गेली, आणि हुजूर कचेरीतून खुलासा मागवला गेला, तेव्हा रावसाहेबांनी तो माझ्याकडून न घेता स्वतःच्या सहीने पाठवला. त्यात माझ्या नावाचा उल्लेख नव्हता. मात्र पुढे कामाचे कौतुक करणारे पत्र आले, तेव्हा त्यांनी ते माझ्या नावाच्या शेऱ्यासह दप्तरी लावले. अधिकार खाली द्यावा आणि जबाब वर आपण द्यावा, हा त्यांचा दंडक मी पुढे आयुष्यभर डोळ्यांपुढे ठेवला.

परंतु त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग परतीच्या वाटेवरचा. त्यांनी शाबासकी दिली नाही, दोषही काढले नाहीत. “तुम्ही जे बोललात, त्यातले त्या बाईने काय ऐकले असेल?” एवढेच विचारले. मी आठवू लागलो. पंचनामा, मोजमाप, मंजुरी, फरक हे शब्द तिच्या कानांवरून गेले असतील. तिने पाहिले ते हेच की, साहेब खड्ड्यात उतरला आणि त्याने कुदळ हाती घेतली. हे मला त्यांनी सांगितले असते तर ते मी एक चांगले वचन म्हणून लक्षात ठेवले असते. मलाच ते सापडले म्हणून ते माझ्या स्वभावाचा भाग झाले. मार्गदर्शनाचे सारे रहस्य मला त्या एका फरकात दिसते.

याच्या उलट बाजूचाही अनुभव मला आला. पुढे एका जिल्ह्यात मी ज्या वरिष्ठांच्या हाताखाली होतो, त्यांच्यासारखा बुद्धिमान आणि कामसू अधिकारी मी क्वचितच पाहिला असेल. प्रत्येक प्रकरण ते मुळापासून वाचीत, प्रत्येक पत्राचा मसुदा स्वतः करीत, कोणी अडचण घेऊन गेला तर त्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वी बिनचूक उत्तर देत. त्यांच्या कारकीर्दीत कचेरीचे काम निर्मळ आणि तत्पर चाले, आणि लोक दुवा देत. त्यांची बदली झाली मात्र, आणि सारी कचेरी मुकी झाली. इतकी वर्षे जी माणसे त्यांच्या हुकुमाची अंमलबजावणी उत्तम करीत होती, त्यांना स्वतः विचार करण्याचा प्रसंगच आला नव्हता. साध्या टंचाईच्या टँकरचा प्रश्नही दिवसेंदिवस ‘आदेशार्थ’ वर जाऊ लागला. हाताखालच्या माणसांवर त्यांचा राग नव्हता, अविश्वासही नव्हता. उत्तर ठाऊक असताना ते राखून ठेवणे त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. कर्तबगार माणसाला मार्गदर्शक होणे सर्वांत कठीण जाते ते यामुळेच.

आपल्याकडे या विद्येची जुनी आणि थोर परंपरा आहे, तिचा येथे उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांना घडवले ते व्याख्याने देऊन नव्हे. सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि आकडेवारी त्या विशीतल्या शिक्षकासमोर ठेवून त्यावर लिहावयास लावायचे, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाची धुरा त्याच्यावर टाकायची, आणि लिहिलेले काटेकोरपणे तपासायचे, असा तो क्रम वर्षानुवर्षे चालला. १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगासमोर गोखल्यांनी जी साक्ष दिली, तिच्यामागे रानड्यांची आणि गणेश वेंकटेश जोशी यांची शिकवणी होती. रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले. आणि गोखल्यांचे मध्यवर्ती कायदे मंडळातील अंदाजपत्रकावरचे ते गाजलेले पहिले भाषण १९०२ च्या मार्चमधले आहे. शिक्षकाचा हात दूर झाल्यावर शिष्य किती ताठ उभा राहतो, यावरच त्या शिक्षणाची परीक्षा होते. गोखल्यांनीही १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन करताना नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी ठेवली, यात मला आपल्या गुरूच्या पद्धतीचा ठसा दिसतो.

अलीकडच्या पाश्चात्त्य ग्रंथांत मला त्याच विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी आढळली. टिमथी गॅल्वी या टेनिस-शिक्षकाचे १९७४ मधले पुस्तक आणि एकेकाळी मोटारशर्यतीत भाग घेणाऱ्या सर जॉन व्हिटमोर यांचे १९९२ मधले पुस्तक, ही दोन्ही मी सेवानिवृत्तीच्या सुमारास वाचली. व्हिटमोर यांच्या मांडणीत संभाषणाच्या चार पायऱ्या आहेत: काय साधावयाचे ते ठरवणे, आज वस्तुस्थिती काय आहे ते निर्विकारपणे पाहणे, कोणकोणते मार्ग खुले आहेत ते मोजणे, आणि त्यांपैकी कोणता, केव्हा धरणार याचा निश्चय करणे. वाचताना मला कचेरीचा ओटा आणि तो कंदील आठवला. रावसाहेबांनी याच क्रमाने मला नेले होते. फरक एवढाच की, ग्रंथातील मार्गदर्शक जोखमीबाहेर असतो, आणि रावसाहेब तिच्यात गळ्यापर्यंत उतरलेले होते. माझ्या मते सरकारी कामात तरी हा दुसरा प्रकारच अधिक उपयोगी पडतो.

मी स्वतः प्रांताधिकारी झालो, तेव्हा माझ्या उपविभागात एक नायब तहसीलदार पदोन्नतीने आले. कारकून म्हणून लागून वीस-पंचवीस वर्षे त्यांनी दप्तरात घालवली होती. बारनिशी, जमाबंदी, दप्तर तपासणी यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गावनमुन्यांचे सहा नंबर, सात-बारा, आठ-अ हे त्यांच्या जिभेवर नाचत. पण इतकी वर्षे प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘आदेशार्थ सादर’ असे लिहिण्याची सवय हाडीमांसी खिळल्यामुळे, आता इतरांनी आपल्यापुढे कागद आणावे आणि आपण ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावे, याची त्यांना धास्ती वाटे. स्वतःच्या अखत्यारीतील कामेही ते माझ्याकडे पाठवीत. तरुण पदवीधराला ज्ञान पचवावयाचे असते; अशा ज्येष्ठ माणसाला सवय मोडावयाची असते, आणि हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण त्यात माणसाचा मान गुंतलेला असतो. वयाने ते माझ्याहून थोडे मोठेच होते. मी त्यांना ‘अण्णा’ म्हणत असे.

मी त्यांना एकच विनंती केली: “अण्णा, कागद आणा, पण त्यावर तुमचा निर्णय आणि त्याचे कारण एका ओळीत लिहून आणा.” पहिले काही आठवडे ते दोन-दोन पर्याय लिहून आणीत आणि निवड माझ्यावर सोडीत. मी विचारीत, “उद्या मी रजेवर असलो आणि हा अर्जदार दारात बसून राहिला, तर काय कराल?” ते उत्तर देत, आणि ते उत्तर बहुधा उत्तम असे. मग मी म्हणे, “तेच लिहा,” आणि सही न करता कागद त्यांच्याकडे परत देत असे. काही निर्णय मी घेतले असते त्यापेक्षा निराळे असत. कायद्याच्या आणि न्यायाच्या चौकटीत असेल तोवर ते निराळेपण मी तसेच राहू दिले. मार्गदर्शक आपली प्रतिकृती घडवू लागला की तो शिष्याचा नव्हे, स्वतःचाच विचार करीत असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले. माणसे थकून झोपलेली. आणि दगडमातीच्या रुंद भिंतींवरील मातीच्या जड धाब्यांखाली लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे गाडली गेली. मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली. शेजारच्या जिल्ह्यांतून अधिकारी आणि कर्मचारी मदतकार्यास पाठवले गेले, त्यांत अण्णा होते. त्यांच्याकडे जे गाव आले तेथे तलाठ्याचे दप्तर ढिगाऱ्याखाली होते. वरून पाऊस लागला होता. आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून धान्य, कपडे, भांडी यांनी भरलेल्या मालमोटारी येऊन उभ्या राहत होत्या. मोटारीभोवती झुंबड होई, धट्टाकट्टा माणूस चार घोंगड्या घेऊन जाई, आणि जिचे सारे घर गेले ती बाई दूर बसून राही.

अण्णांनी वाटप थांबवले. गावातून वाचलेल्या माणसांना त्यांनी आळीआळीने एकत्र बसवले; कोणाच्या घरात कोण होते, कोण राहिले, कोण गेले, हे शेजाऱ्यांच्या तोंडून सांगवून वाचलेल्या एका शाळामास्तरांकडून वहीत उतरवून घेतले; आणि त्या वहीबरहुकूम, घरटी, बाईच्या हाती वस्तू देण्याचा क्रम लावला. वाटप अर्धा दिवस थांबल्याबद्दल मोटारींबरोबर आलेले काही दाते फार संतापले होते. त्यांच्याशी अण्णा शांतपणे बोलले, पण निर्णय बदलला नाही. ही सारी हकिगत मला त्यांनी पाठवलेल्या अहवालातून कळली. त्या अहवालाच्या तळाशी इतक्या वर्षांच्या सवयीचे शब्द नव्हते. तेथे लिहिले होते, ‘वरील निर्णय मी घेतले आहेत. माहितीस्तव सादर.’ ते वाक्य वाचून मला जे समाधान झाले, तसे माझ्या स्वतःच्या कोणत्याही बढतीने झाले नाही.

तथापि या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. अप्रामाणिकपणावर हा उपाय नव्हे. पैसे खाणाऱ्या माणसापाशी बसून मर्मभेदक प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो, तेथे विभागीय चौकशीच हवी. काही माणसांना केवळ मान्यता हवी असते. प्रश्न विचारला की त्यांना तो अविश्वास वाटतो, आणि त्यांना तुम्ही कितीही वेळ दिला तरी त्यांच्यात फार फरक पडत नाही. आणीबाणीतही हा मार्ग चालत नाही: नदीला पूर चढत असताना नावाड्याशी पर्यायांची चर्चा करू नये, हुकूम द्यावा, चर्चा पूर ओसरल्यावर करावी, मात्र ती अवश्य करावी.

याहून मोठी अडचण गोपनीय अहवालाची आहे. जो माणूस वर्षअखेर माझा अहवाल लिहिणार, त्याच्यासमोर मी माझी भीती, माझे अज्ञान, माझा गोंधळ मोकळेपणाने कसा मांडावा? रावसाहेबांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितले होते की, कचेरीत जे घडेल ते अहवालात जाईल, ओट्यावर जे बोलले जाईल ते जाणार नाही. आणि हा शब्द त्यांनी पाळला. पण एका व्यक्तीच्या सचोटीवर सगळी व्यवस्था सोडणे शहाणपणाचे नाही. माझे मत असे झाले आहे की, नव्या अधिकाऱ्याला त्याच्या अहवालाशी ज्याचा काडीचाही संबंध नाही असा एक ज्येष्ठ माणूस नेमून दिला पाहिजे. त्यांच्यातील बोलणे त्यांच्यातच राहिले पाहिजे. आणि बदली झाली तरी तो संबंध तुटता कामा नये. २००५ च्या कायद्याने बदल्यांना तीन वर्षांची मुदत घालून दिली हे चांगले झाले, परंतु माणूस घडायला त्याहून अधिक काळ लागतो.

पुण्याच्या यशदासारख्या संस्थांत कायदा, लेखा, संगणक, आपत्तिव्यवस्थापन यांचे उत्तम शिक्षण मिळते, आणि ते आवश्यकच आहे. तरीही तेथून जिल्ह्यात आलेल्या तरुणाला पहिल्या वर्षी जे एकटेपण येते, त्यावर वर्गातील शिक्षण पुरे पडत नाही. निवृत्तीनंतर माझ्याकडे असे काही तरुण येतात. त्यांतील एक तहसीलदार बाई वाळूच्या अवैध उपशाविरुद्ध कारवाई करताना आलेल्या धमक्यांनी खचून गेल्या होत्या. मी त्यांना धीराचे चार शब्द सांगू शकलो असतो. त्याऐवजी मी विचारले, “या कामात तुमच्या बाजूने कोण कोण आहे, त्यांची नावे घ्या पाहू.” प्रथम त्या म्हणाल्या, कोणी नाही. मग एक तलाठी, एक फौजदार, नदीकाठचे दोन शेतकरी ज्यांच्या विहिरी आटल्या होत्या, एक ग्रामसभा, अशी नावे निघत गेली. पुढच्या महिन्यात त्यांनी त्या सर्वांना एकत्र बसवून गस्तीची व्यवस्था लावली. माझा त्यात वाटा एका प्रश्नाचा आणि त्यानंतर शांत बसण्याचा.

जिल्ह्याजिल्ह्यांच्या ठिकाणी आज माझ्यासारखे कितीतरी निवृत्त अधिकारी, अव्वल कारकून, मंडळ अधिकारी, मुख्याध्यापक, अभियंते राहत आहेत. त्यांच्यापाशी अनुभव आहे, वेळ आहे, आणि कोणाच्याही गोपनीय अहवालावर आता त्यांची सही होणार नाही, ही सर्वांत मोठी पात्रताही आहे. माझी त्यांना विनंती आहे की, आपल्या जुन्या कचेरीत रुजू झालेल्या एखाद्या नव्या माणसाला आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. त्याला आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगू नयेत. त्याचे प्रकरण ऐकावे, प्रश्न विचारावा, आणि तो उत्तर शोधीत असेल तेवढा वेळ थांबावे. आणि जे आज खुर्चीवर आहेत त्यांनी उद्या सकाळी टेबलावर येणाऱ्या कागदांपैकी जो हाताखालच्या माणसाच्या अखत्यारीतला असेल, तो सही न करता त्याच्याकडे परत पाठवावा.